बाळारामचा बॅकअप

बाळाराम नोकरीत होता तेव्हा कंपनीच्या स्टोअरमध्ये आलेल्या कागदावर न वाचताच सही ठोकायचा. बत्तीस वर्षं त्याचं काही बिघडलं नाही. त्यामुळे निवृत्तीनंतर कॉम्प्युटरने काही विचारलं की तो तसाच बिनदिक्कत ‘हो’ दाबायचा.

करावे गावातल्या त्याच्या घरी हा कॉम्प्युटर आला तो लेकीच्या, मनस्वीच्या, कॉलेजच्या वेळी. आता तो चालू करून चहा पिऊन आलं तरी पडद्यावरचं चक्र फिरतच असायचं. दुकानदार म्हणाला, “काका, भंगारात टाका.” पण मनस्वी बंगळूरहून म्हणाली, “पप्पा, लिनक्स सिस्टीम टाका. फुकट आहे, जुन्या मशीनवर मस्त पळतं. फक्त आधी आजीची गाणी पेनड्राइव्हवर घ्या.”

आजी म्हणजे बाळारामची आई, नावाजलेली धवलारीण. गावातल्या आगरी लग्नांत तिने धवळे म्हटल्याशिवाय हळद लागायची नाही. ती जायच्या आदल्या वर्षी मनस्वीने तिचे अकरा धवळे रेकॉर्ड करून या कॉम्प्युटरवर ठेवले होते; दुसरी प्रत कुठेच नव्हती. बाळारामची बायको जमुना रोज सकाळी मासळी साफ करताना तेच लावायची. तिसऱ्या धवळ्यात म्हातारी मध्येच ओरडते, “बाला, पंका बंद कर रं!” तेवढं कापून टाकू, असं बाळाराम कितीदा म्हणाला, पण जमुना हात लावू देईना.

तर बाळारामने गाणी पेनड्राइव्हवर घेतली. मग लिनक्सही त्याच पेनड्राइव्हवर उतरवलं, कारण घरात दुसरा नव्हता. यावरचं सगळं पुसलं जाईल, चालेल? हो. पुढे कॉम्प्युटरने विचारलं, संपूर्ण डिस्क पुसायची? हो. अर्ध्या तासात ते म्हातारं मशीन असं काही पळायला लागलं की बाळाराम गल्लीत चार जणांना सांगून आला. मग गाणी शोधायला बसला, तर ती पेनड्राइव्हवरही नव्हती आणि कॉम्प्युटरवरही नव्हती.

मनस्वीने फोनवरून संध्याकाळभर नाना उपाय करवले. शेवटी ती हळू आवाजात म्हणाली, “पप्पा, आईला सांगा.”

सांगायची हिंमत कुठून आणायची? दुसऱ्या दिवशी सकाळी जमुनाने गाणी लावायला सांगितली, तर हा म्हणाला, “नव्या सिस्टीमला स्पीकरची वलख व्हायला वेल लागतं.” त्याच्या दुसऱ्या दिवशी स्पीकर रुसला. तिसऱ्या दिवशी जमुनाने हातातला बोंबील तसाच धरून विचारलं, “तुमी मशीन बनवता का मना बनवता?”

बाळाराम खाली बसला. “जमुना, आयची गानी गेली. माज्या हातानं पुसली मी.” साठी उलटलेला माणूस पोरासारखा रडायला लागला.

जमुनाने उरलेले बोंबील साफ केले, लिंबाने हात धुतले, पंखा बंद केला आणि कॉम्प्युटरसमोर येऊन बसली.

“हा नवा सिस्टीम आवाज भरून घेतो का?”

“घेतो. त्यो पन फुकटच.”

“मंग भरा. बसलाव काय?”

लग्न होऊन आल्यापासून जमुना सासूच्या मागे उभी राहून धवळ्याची ओळ उचलत आली होती. एकटीने मात्र कधी म्हटलं नव्हतं. पहिला धवळा थरथरतच निघाला. दुसऱ्याला आवाज बसला. बाळाराम डोळे मिटून ऐकत होता. हेल तोच, दम घ्यायच्या जागाही त्याच.

तिसऱ्या धवळ्यात जमुना मध्येच थांबली आणि सासूच्याच ठसक्यात ओरडली, “बाला, पंका बंद कर रं!”

पंखा बंदच होता. तरी बाळाराम मुकाट उठला, बटणापाशी गेला आणि भिंतीकडे तोंड करून तिथेच उभा राहिला. मागे जमुनाने पुढची ओळ उचलली होती.