उत्तर न आलेला मुद्दा

मी एक जुना प्रोग्राम आहे, मित्रांनो. जत्रेतला नव्हे, लॅपटॉपमधला. काटेवाडीच्या संस्कृतीनं बारामतीत कॉलेजला असताना मला लिहिलं.

वादात कुणाचा मुद्दा टिकतो, एवढंच मला कळतं. जो मुद्दा कुणीच खोडलेला नाही, तो मी मान्य धरतो. त्यानं ज्यांना खोडलं, ते बाद करतो. बाद झालेल्यांनी ज्यांना खोडलं होतं, त्यांना पुन्हा तपासतो. काही बदलेनासं झालं की थांबतो. दोन मुद्दे एकमेकांनाच खोडत बसले, तर त्यांना अधांतरी सोडतो. खरंखोटं मला कळत नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही.

कॉलेजात सरांनी कौतुक केलं. मग गावातही माझं नाव झालं. बांधाची, पाण्याची कुरबुर निघाली की लोक म्हणायचे, संस्कृतीच्या मशिनीला विचारा.

एकदा सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून जोतीराम आबा आणि त्यांच्या धाकट्या भावाची विधवा कुशाबाई यांचं बिनसलं. कुशाबाईचा टोमॅटो ऐन फळावर होता. पाळी गेली असती तर हातचं पीक वाळलं असतं. विहिरीत हिस्सा आहे म्हणून पाळी माझी, असं तिनं संस्कृतीकडून मांडलं. आबांनी ते खोडलं. भावानं हयातीतच आपली पाळी मला दिली, म्हणाले. त्यावर कुशाबाई पदर सावरून भिंतीकडं बघत बसली. मी आबांचा मुद्दा मान्य केला, तिचा बाद. माझं गणित चोख होतं, बरं का!

संस्कृतीला मात्र चैन पडेना. थोरल्या दिराला उलट बोलायचं नाही, ही त्या घरची रीत तिला आठवली. तिनं कुशाबाईला आत नेऊन विचारलं.

"दिली हुती," कुशाबाई म्हणाली, "पर भावजींची बोअर दुरुस्त हुईस्तवर. ती कवाच चालू झाली."

संस्कृतीनं तेवढं माझ्यात घातलं. आबांचा मुद्दा पडला आणि कुशाबाईचा पुन्हा उभा राहिला.

"व्हय," आबा म्हणाले, "तेवढ्यापुरतीच दिली हुती."

टोमॅटोला पाणी मिळालं. पुढं संस्कृती नोकरीला लागली, आता मला कुणी उघडत नाही. माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, उत्तर आलं नाही की मान्य धरायचं, असं मला शिकवलेलं आहे. तुम्हाला तसं कुणी शिकवलेलं नाही. गप्प बसलेल्या माणसाला तेवढं विचारत जा.