लाल शाईतला शब्द

अँगमोर मामांनी लाल पेनाने तो शब्द पुन्हा खोडला आणि कागद डेडेच्या पुढ्यात सरकवला.

"प्रोलिफिक नको. 'कष्टाळू' लिही."

डेडेने आपलं पेन उघडलं आणि लाल रेघेच्या वर तोच शब्द पुन्हा लिहिला. तिसऱ्यांदा.

शनिवारी तिच्या आईचा, कोर्कोरचा, दफनविधी होता. चर्चमध्ये वाटायची, आईच्या आयुष्याची पुस्तिका आजच छापायला जायला हवी होती. छापखान्यातून सकाळपासून दोन फोन येऊन गेले होते. अंगणात आईची मातीची भट्टी थंड पडली होती, आणि शेजारच्या टोपल्यांत हिरव्या-निळ्या बाटल्यांच्या काचा मण्यांसाठी कुटायच्या राहून गेल्या होत्या.

"तू शाळेत इंग्रजी शिकवतेस," मामा म्हणाले. ते स्वतः निवृत्त हेडमास्तर. "मग हा शब्द कुठे वापरतात ते तुला कळायला हवं. लगडलेल्या झाडाला म्हणतात. डुकरिणीला म्हणतात. ढीगभर पुस्तकं लिहिणाऱ्याला म्हणतात. मणी करणाऱ्या बाईला म्हणत नाहीत."

"ढीगभर मणी करणाऱ्या बाईला का नाही? रेडिओवाला रोज गोल मारणाऱ्या पोरांना म्हणतो. तेव्हा नाही तुम्ही लाल पेन काढत."

"रेडिओवाल्याचं इंग्रजी मला सांगू नकोस."

"मामा, या ओडुमासेत गेल्या चाळीस वर्षांत वयात आल्यावर जिचा दिपो झाला, त्या प्रत्येक मुलीच्या कमरेला आईचे मणी होते. याला दुसरा शब्द असेल तर द्या, मी लिहिते."

मामांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. बराच वेळ पुसला.

"एकच लेकरू झालेल्या बाईला तू हे म्हणणार. पुढच्या रांगांत अक्राहून आलेली तुझ्या बापाकडची माणसं असतील. ती हसतील."

"हसू देत."

"तुला माहीत नाही, डेडे."

"काय माहीत नाही?"

मामा भट्टीकडे बघत बोलू लागले.

"तू तीन वर्षांची होतीस. तुझ्या बापाचं पत्र आलं. अक्राच्या कचेरीत कारकून होता, म्हणून इंग्रजीत. माझ्या नावाने. 'तुझी बहीण प्रोलिफिक नाही. मी तिला परत पाठवत आहे असं समजावं.' घरात इंग्रजी येणारा मी एकटा. बावीस वर्षांचा, नवा मास्तर. ती इथेच बसून चाळणीने काचेची पूड चाळत होती. म्हणाली, वाच. मी वाचलं. म्हणाली, त्या शब्दाचा अर्थ काय?"

"मग?"

"मी शब्दकोश आणला." त्यांचा आवाज खाली गेला. "त्यात पहिला अर्थ होता तो सांगितला. भरपूर पिल्लं देणारी. अर्थ बरोबर होता. मला वाटलं, काय अचूक भाषांतर केलं मी."

"आई काय म्हणाली?"

"म्हणाली, एवढंच आहे का पत्रात? आणि पुन्हा चाळायला लागली."

शेजारच्या घरात कुणीतरी जेवणासाठी उखळात फुफू कांडत होतं. डेडेने कागद उचलला, घडी न घालता पिशवीत ठेवला आणि उठली.

"छापखाना बंद होईल."

"शब्द?"

"आहे तसा जाईल. आणि शनिवारी हे तुम्ही वाचायचं, मामा. इंग्रजीतून आणि मग आपल्या क्रोबोतून."

"क्रोबोत मी काय म्हणू त्याला?"

"ते तुम्ही ठरवा. तेव्हाही तुम्हीच ठरवलं होतं."

शनिवारी चर्च दारापर्यंत भरलं. पुढे अक्राचे पाहुणे, मागे बाजारातल्या बायका, सुतकाच्या काळ्या-लाल कपड्यांत. मामा पुस्तिका घेऊन उभे राहिले. जन्म, बाप्तिस्मा, आईवडील, सगळं त्यांनी हेडमास्तरांच्या ठाम आवाजात वाचलं. मग ते वाक्य आलं.

"कोर्कोर ही प्रोलिफिक मणी घडवणारी होती."

दुसऱ्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. शेजारच्याने तोंडावर रुमाल धरला. डेडेने बाकाची कड घट्ट पकडली.

मामा थांबले. ते हसू पूर्ण विरेपर्यंत त्या रांगेकडे बघत थांबले. मग तेच वाक्य त्यांनी पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचलं, आधीपेक्षा सावकाश.

त्यानंतर पुस्तिका मिटून ते मागच्या बाकांकडे वळले आणि क्रोबोत म्हणाले,

"माझ्या बहिणीच्या हातून जेवढं जन्माला आलं, तेवढं या गावात कुणाच्याच हातून आलेलं नाही."

मागून एका म्हातारीचा आवाज आला, "खरंय."

मामांनी मान हलवली, पुस्तिका उघडली आणि पुढचं पान शोधू लागले. ते त्यांना लवकर सापडेना.