यादीतला दहावा

नऊ माणसांनी मिळून प्रवासाला निघू नये, हे आमच्या फा-आन गावात शेंबडं पोरसुद्धा जाणतं. निघायचंच झालं तर सोबत एक दगड घ्यायचा, त्याला माणसासारखी हाक मारायची, की झाले दहा. दॉ म्या सेइन म्हातारीनं परसातला नारळाएवढा गोटा निवडला, धुतला आणि मिनीबसमध्ये खिडकीशी बसवला. "माउंग चाउक, नीट बस हं," म्हणाली. चाउक म्हणजे दगडच.

इथवर सगळं रीतीला धरून होतं. घोटाळा झाला तो यादीत. वाटेतल्या चौक्यांवर प्रवाशांची यादी द्यावी लागते. ड्रायव्हर को पौक नावं लिहीत होता आणि म्हातारी त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती.

"दहावं नाव राहिलं."

"मावशी, तो दगड आहे!"

"कागदावर नऊ लिहिलेस तर नऊच झाले ना रे. मग त्याचं काय लोणचं घालायला नेतोय?"

को पौकनं तोंडातलं पान थुंकलं आणि लिहिलं, माउंग चाउक. पुढं वयाचा रकाना होता.

"लिही पंचवीस. आणि अविवाहित. दगडाला कोण पोरगी देणार?"

घाई तिचीच होती. वॉर्डाच्या कचेरीत सैन्यभरतीच्या चिठ्ठ्या काढल्या, त्यात तिच्या एकुलत्या एका पोराची, थुराची, चिठ्ठी निघाली. सोमवारी छावणीत हजर व्हायचं होतं. नाव थुरा, म्हणजे शूरवीर, आणि पोराला कोंबडी कापताना पाहिली तरी चक्कर यायची. असा मुलगा लढाईवर गेला तर परत येणार नाही, हे आईला कुणी सांगायला नको होतं. बाकीचे चार तरुण आणि को पौकही चिठ्ठीतलेच. सोबत म्हातारी धरून तीन बायका. विचारलं तर सांगायचं, म्यावडीला भाच्याच्या दीक्षेला निघालोय. प्रत्यक्षात म्यावडीहून थाउंगयिन नदी ओलांडली की पलीकडे थायलंड.

पहिली चौकी लागली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. हवालदारानं यादी घेतली, वायरलेसवर पुढच्या चौकीला "दहाजण सोडतोय" म्हणून कळवलं आणि मग माणसं मोजायला बाहेर आला. आधी कळवायचं आणि मग मोजायचं, अशी त्याची पद्धत.

"नऊच आहेत! माउंग चाउक कुठाय? पंचवीस वर्षांचा, अविवाहित... पळाला ना? कुठं उतरवलात त्याला?"

हवालदाराची नजर फिरत फिरत थुरावर येऊन थांबली.

"बरं. तो सापडेपर्यंत त्याच्या जागी हा इथं राहील. उतर रे."

दॉ म्या सेइननं तो गोटा उचलला आणि सरळ हवालदाराच्या हातांत ठेवला.

"हा घ्या माउंग चाउक! करा भरती. भात मागत नाही, रजा मागत नाही, पळून तर मुळीच जात नाही. असा शिपाई दिवा घेऊन शोधलात तरी मिळायचा नाही."

हवालदारानं दगडाकडे पाहिलं, पुन्हा डोकी मोजली आणि गोटा चटकन परत दिला. शेवटी तोही याच मातीतला. नऊजणांचा दगड अडवून घ्यायची त्याची छाती नव्हती. पण आता त्याचीच पंचाईत झाली.

"मी तर दहा कळवून बसलो! पुढचा कॅप्टन म्हणजे महा खवट. नऊ पोचले तर म्हणेल, एकाला मीच सोडलं. वायरलेसवर सांगून पटायचं नाही त्याला." त्यानं मागे वळून हाक मारली, "ए न्यान! बस यांच्या गाडीत. पुढं जाऊन नीट समजावून सांग आणि मिळेल त्या ट्रकनं परत ये. बंदूक ठेव इथं. चौकीत चालणारी तेवढी एकच आहे."

न्यान तिशीतला, हडकुळा शिपाई. गाडीनं वळण घेतलं तसा तो हळूच म्हणाला, "मावशी, एखादी जास्तीची लुंगी आहे का?"

"कशाला?"

"मी शाळेत गणित शिकवायचो. आठ महिन्यांपूर्वी बसस्टँडवरून उचलून भरती केलं मला. तुमच्या यादीत दहा नावं आहेत आणि माणसं नऊ. मला मिळवलंत तर हिशेब चुकत नाही."

मग मागून एकीनं तोंड उघडलं, "पळालेला शिपाई सापडला तर याच्यापायी आपल्या पोरांनाही गोळ्या घालतील. उतरवा त्याला."

तिचं काही खोटं नव्हतं. दॉ म्या सेइननं थुराकडे पाहिलं, मग त्या मास्तराकडे पाहिलं. त्याची मानगूटसुद्धा थुरासारखीच बारीक होती, आणि तिला स्वतःचाच भयंकर राग आला, की मला हे दिसलंच कशाला!

"थुरा, पिशवीतली निळी लुंगी काढ," ती म्हणाली. "आणि तुम्ही सगळे श्वास घ्या जरा, मेल्यासारखे काय बसलात!"

तिनं न्यानच्या रापलेल्या गालांवर तनाखाचा, म्हणजे झाडाच्या सालीच्या उटण्याचा, जाड लेप थापला. गणवेश दगडाला गुंडाळून ओढ्याच्या पुलावरून खाली सोडला. "शेवटी माउंग चाउक भरती झालाच," को पौक म्हणाला, आणि भीती होती म्हणूनच सगळे गरजेपेक्षा जास्त हसले.

पुढच्या चौकीवर कॅप्टननं एकेक नाव घेतलं.

"माउंग चाउक?"

"हजर," न्यान म्हणाला.

कॅप्टननं दोनदा मोजलं, दोन्ही वेळा दहा भरले. आडवा बांबू वर गेला.

संध्याकाळच्या आत होडीनं त्यांना नदीपलीकडच्या मक्याच्या शेतात उतरवलं. थुरा चिखलात बसला आणि लहान मुलासारखा रडला. आईनं त्याला रडू दिलं. न्यान मात्र उभाच होता. त्यानं दॉ म्या सेइनचा फोन मागितला आणि घरी लावला. आवाज नीट यावा म्हणून तिनंच स्पीकर लावून दिला.

"आई, मी न्यान. मी नदीपलीकडे आहे, सुखरूप आहे. आता नीट ऐक. एकदोन दिवसांत ते घरी येतील. तुला काहीएक माहीत नाही. त्यांनी सांगितलं की पोरगा गेला म्हणून छाती पिटून रड, शेजारपाजारी जमतील असं रड, म्हणजे तुला त्रास देणार नाहीत."

पलीकडून तिथल्या तिथं मोठ्यानं हंबरडा ऐकू आला.

"अगं, आत्ता नाही!" न्यान घाबरून म्हणाला. "ते आल्यावर!"

"गप रे," आई हुंदक्यातून म्हणाली. "ते आले की त्यांच्यासाठी वेगळं रडेन. हे माझं आहे."