अकराच्या ठोक्याला उठणारं पाणी

साहित्य

एक सिमेंटचा कालवा. तीनशे भाविक. एक महाराज. माझी सात वर्षांची, पायाने अधू भाची.

अकरा वाजले. महाराजांनी हात उंचावले, "ऊठ गं माय!" उतारावरून सपाट धावणारं पाणी पायथ्याशी येताच गर्जत कमरेएवढं उभं राहिलं. लोकांनी जमिनीला डोकी टेकवली.

"बघितलंस?" ताई म्हणाली. "उद्या हिला त्यात सोडायचं. पाणी उठतं तसे हिचे पाय उठतील."

"ताई, कालवा मी बांधलाय. वेगाचं उथळ पाणी पुढच्या संथ, खोल पाण्यावर आदळलं की उसळतं. वळणापलीकडचं गेट रोज उघडतं, पाणी अकराला इथे पोचतं."

"महाराजांना वेळ कोण सांगतं?"

"गेटच्या खोलीवर वेळेची पाटी आहे."

"कुणी लावली?"

मीच. लोकांनी सावध राहावं म्हणून.

"तुझी मुलगी असती तर तूही आणली असतीस," ती म्हणाली.

कृती

दुसऱ्या दिवशी गेटमनला बजावलं, "माझा फोन आल्याशिवाय बटण दाबायचं नाही."

अकरा. "ऊठ गं माय!" पाणी ढिम्म. सव्वाअकरा. महाराज घामाघूम.

"इथे कुणीतरी पापी आहे!"

"मी आहे," म्हणालो आणि फोन लावला. "महाराज, आता पाण्याला बस म्हणा."

"बस! बस!" ते किंचाळत होते आणि पाणी उठत होतं.

मी त्यांची लाकडी खुर्ची उसळीत ढकलली. बुडाली, वर आली, मागे ओढली गेली, पुन्हा बुडाली. दहा मिनिटं तिथेच गरगरत राहिली. बाहेर आला तो खुर्चीचा एक पाय.

ताईने मुलीला इतकं आवळलं की ती रडायला लागली.

निरीक्षण

काल डोकी टेकवणाऱ्यांनीच महाराजांना काठाशी फरफटत नेलं. "टाका ह्यालाच!"

"साहेब, गेट बंद करा हो!" महाराज माझ्याकडे बघून ओरडले.

"मला काय सांगता? पाण्याला सांगा की."

लोक हसले. मीही हसलो.

"मामा, ते बुडतील," भाची म्हणाली.

तेव्हा फोन लावला. गेट मिटायला चार मिनिटं लागतात. लोकांना तेवढा धीर नव्हता.

महाराज जगले. दोन्ही पाय मात्र गेले.

निष्कर्ष

पाण्याला आशीर्वाद कळत नाही, सूडही कळत नाही. त्याला उतार असतो, खोली असते, वेग असतो. कळून घेण्याचं काम आपलं. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी प्रवाहाच्या उलट चालत जा. वर कुठेतरी गेट असतं आणि ते कुणाच्या तरी सांगण्यावरून उघडतं, मिटतं.

त्या दिवशी माझ्या.