काकांची आज्ञा

माझ्या नवऱ्याला जाऊन तीन महिने झाले होते आणि माझा मुलगा तेक-ग्यु थडग्याशेजारच्या झोपडीत मरायला टेकला होता. अंगावर जाडाभरडा तागाचा अंगरखा, कमरेला गवताचा दोर, खाली चटई, पोटात नुसती पेज. बापाचं सुतक तीन वर्षं असंच पाळायचं असतं, तक्रार त्याची नाही. आजारी मुलाला मांसाचा रस्सा चालतो असं विधीच्या ग्रंथातही लिहिलेलं आहे. पण घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषानं तशी आज्ञा द्यावी लागते. आईनं सांगून चालत नाही. आई सांगते ती मायेपोटी. माया देहाची, आज्ञा तत्त्वाची.

वडीलधारे म्हणजे माझे दीर, इन-बो भाऊजी. टेकडीपलीकडे त्यांची पाठशाळा. आधी तत्त्व की आधी प्राण, यावर नदीपारच्या पंडितांशी त्यांचं वीस वर्षं वाजत होतं. दोनच वर्षांपूर्वी तिकडच्या एका बापानं आईच्या सुतकातल्या आजारी पोराला मांस खाऊ घातलं, तेव्हा भाऊजींनी त्याच्याविरुद्ध चाळीस पानं लिहिली होती. त्यांचं म्हणणं, पोराच्या मनात ‘खा’ म्हणालं ते तत्त्व नव्हे, भूक. आता वेळ स्वतःच्या पुतण्यावर आली. मी निरोप पाठवला, तर उत्तर आलं, ‘विचार करतो.’

तेक-ग्युच्या थुंकीत रक्त पडायला लागलं, तरी भाऊजींचा विचार संपेना.

मग मीच रानकोंबडी शिजवली. आमची मोलकरीण सामवोल म्हणाली, “बाईसाहेब, टेकडीपलीकडच्या मालकांना कळलं तर?”

“त्यांना एक ओळ ठरवायला वर्ष लागतं,” मी म्हटलं. “तोवर हा चार माणसांसारखा चालायला लागेल. तू तोंड मिटून भांडं धर.”

झोपडीत मी सांगितलं, “काकांनी आज्ञा दिलीय. पी.”

तो कोपरावर उठला. “काय म्हणाले? शब्द सांग.”

दाराआड बसून वीस वर्षं भाऊजींचं बोलणं ऐकलं होतं मी. वाया गेलं नाही. म्हटलं, “हे शरीर बापाचं देणं आहे. ते टिकवायचं तर खाण्यात भूक नाही, कर्तव्य आहे.”

त्याचा चेहरा उजळला. टेकडीकडे तोंड करून काकांना नमस्कार केला आणि वाटी संपवली. “आई, गोड लागला गं,” म्हणाला. “तत्त्वाला धरून खाल्लं की असं लागत असेल.”

चार दिवस तो प्यायला. रक्त थांबलं. चौथ्या दिवशी सामवोलला म्हणाला, “मीठ कमी घालतेस, कंजूस कुठली.” मी झोपडीमागे जाऊन रडले. भाऊजींना कळवून ठेवावं असं मनात आलं होतं, पण ते जन्मात खोटं बोलले नव्हते. म्हणून कळवलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी भाऊजी स्वतः आले. डोळे सुजलेले, दाढी विस्कटलेली. भावाच्या थडग्याला नमस्कार करून झोपडीत वाकले. मी हातानं खुणावत होते, पण त्यांचं लक्षच नव्हतं.

“तेक-ग्यु, नऊ दिवस झोपलो नाही. नदीपारचे हसू देत. आज ठरलं. मी आज्ञा देतो, तू मांस खा.”

पोरानं माझ्याकडे पाहिलं.

“मग इतके दिवस कुणाच्या आज्ञेनं खात होतो?”

“माझ्या,” मी म्हटलं.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. पण तो शांतपणे म्हणाला, “काका, मी रोज मनाला विचारत होतो, हे कोण खातंय? मन सांगायचं, तत्त्व. आणि आज्ञाच नव्हती, म्हणजे ती तर भूक होती. आता तुमची आज्ञा खरी आहे, पण खाताना कोण खातंय ते मी कुणाला विचारू? माझं मन खोटं बोलतं.”

भाऊजींनी दिवस मावळेपर्यंत वाद घातला. ज्यांच्यापुढे नदीपारचं एक माणूस टिकलं नाही, ते चोवीस वर्षांच्या पोरापुढे घामाघूम झाले. ते जे म्हणत, त्याला उत्तर त्यांच्याच चाळीस पानांतून येई. शेवटी त्यांनी त्याचे पाय धरले.

“हरलो रे मी. खा.”

“तुम्ही हरून काय होतं, काका? तत्त्व थोडंच हरतं?”

पेजही त्यानं कमी केली. आठ दिवसांनी गेला.

नदीपारचे पंडितही आले, आणि असा पुत्र दहा पिढ्यांत होत नाही म्हणाले. मला त्यांना हाकलून द्यावंसं वाटत होतं. ते गेल्यावर भाऊजी माझ्यासमोर येऊन बसले.

“वहिनी, मी लवकर यायला हवं होतं.”

“लवकर नव्हे. तुम्ही यायलाच नको होतं.”

त्यांनी मान खाली घातली. मग लहान पोरानं विचारावं तसं विचारलं, “पण आज्ञा बरोबर होती ना?”

“बरोबर होती,” मी म्हटलं. ती बरोबरच होती, आणि मला तेच सोसत नाही.