सासूने घातलेलं अंथरूण

कामठ्याच्या सुलोचनाबाईंची सून निर्मला आजारी पडली तर सासरीच पडायची. माहेरी, सालेकशाला भावाकडे गेली, की चार-आठ दिवसांत टुणटुणीत. कार्तिकात धान चुरून, म्हणजे मळून झालं, की परत तेच. आधी शिंका, मग डोळ्यांना पाणी आणि मग छातीतून शिट्टी. हल्ली याला ॲलर्जीचा दमा म्हणतात. पंचाऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच्या कामठ्यात याला नाटक म्हणत.

गावात दोन पक्ष होते. एकाचं म्हणणं, सून नाटकी आहे. दुसऱ्याचं, सासू खाष्ट आहे. दोन्ही पक्ष रोज सकाळी विहिरीवर भेटत आणि मोठ्या सलोख्यानं दोघींची निंदा करत.

"काऊन जी सुलोचनाबाई," शेजारच्या पुष्पाबाई विचारत, "माहेरी बहूची तब्येत बरी राहते म्हणतात. तुमच्याच घरी का होते तिले?"

सुलोचनाबाई घागर उचलून घरी येत. पुष्पाबाईंची त्यांना भीती नव्हती. भीती त्या शिट्टीची होती. त्यांची धाकटी बहीण अशीच बसून बसून धापा टाकत गेली होती. शेवटी शिट्टी थांबली, तेव्हा घरच्यांना वाटलं, आराम पडला.

म्हणून त्या सुनेसाठी जिवाचा आटापिटा करत. आमच्या झाडीपट्टीत थंडीच्या दिवसांत खाली तणीस पसरून त्यावर गोधडी टाकून निजतात. धानाचं हे वाळलं गवत गरम असतं आणि फुकट असतं. कुणाच्या घरात कुणावर किती माया आहे, हे त्याच्या अंगाखालच्या तणसाच्या उंचीवरून कळतं. सुलोचनाबाई स्वतः बोटभर तणसावर निजत. सुनेला त्यांनी गुडघाभर घातलं होतं, तेही आतल्या खोलीत, धान साठवायच्या ढोलीला लागून, खिडकी चिंध्यांनी बुजवून. वारा शिरला तर दमा वाढतो, हे कामठ्यात तान्ह्या पोरालाही ठाऊक होतं. शिट्टी वाढली, की त्या आणखी एक पेंढी आणून पसरत. शिट्टी आणखी वाढे.

अगहनातल्या, म्हणजे मार्गशीर्षातल्या एका सकाळी निर्मलाला सासूला हाक मारताना "आत्याबाई" हा शब्द एका श्वासात म्हणता येईना. "आत्या" म्हणून ती थांबली. ओठ जांभळे दिसत होते.

"सेवक्या, बंडी जुप!" सुलोचनाबाई मुलावर ओरडल्या. "गोंदियाले नेऊ दवाखान्यात."

सेवकराम बैल जुंपेपर्यंत त्यांनी बंडी तणसानं काठोकाठ भरली. पोरीला गचके बसायला नकोत.

रस्ताभर शिट्टी वाजत होती. सुनेचं डोकं मांडीवर घेऊन सुलोचनाबाई गावाबाहेरच्या देवापासून रेल्वेच्या पुलापर्यंत सगळ्यांना नवस बोलल्या. उघड्या माळावर भरपूर हवा होती, पण ती या पोरीच्या छातीत शिरायला तयार नव्हती. सेवकराम मागे वळून पाही आणि बैलांना उगाच शिव्या देई.

नाल्याच्या रेतीत चाक रुतलं. बैलांनी जोर केला, सेवकरामानं केला, चाक हललं नाही.

"माय, ते तणीस दे इकडं. चाकाखाली टाकतो."

"अन् पोरगी कशावर निजंल?"

"पोहोचली तं निजंल ना!"

सगळं तणीस रेतीत गेलं. चाक निघालं. उघड्या फळ्यांवर आपटत, दगडागणिक उसळत निर्मला पुढे निघाली आणि सुलोचनाबाईंना रडू फुटलं. वैऱ्याच्या सुनेलाही कुणी असं नेत नाही.

गोंदियाची घरं दिसायच्या आधीच शिट्टी बारीक झाली. सुलोचनाबाईंनी तिला गदागदा हलवलं. बहिणीचीही अशीच बारीक होत गेली होती.

"निर्मला! बोल वो पोरी! बोल ना!"

"का बोलू, आत्याबाई?" निर्मला म्हणाली. पूर्ण वाक्य! वर म्हणाली, "पाठ फुटून राहिली."

सासूनं लगेच सेवकरामापासून लपवून आपल्या बुडाखाली राखून ठेवलेली पेंढी काढली आणि सुनेच्या डोक्याखाली उशीसारखी सरकवली. निर्मला शिंकली. परत शिंकली. आणि छातीत पाव्यासारखी ओळखीची तान निघाली.

सुलोचनाबाई पेंढीकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी ती हळूच काढली, नाकाशी धरली, आणि साप फेकावा तशी रस्त्यात फेकली. गुडघाभर! स्वतःच्या हातानं पसरलं होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरनं नळी लावून ऐकलं. "दमा है. किसी-किसी को किसी चीज़ से होता है. उस चीज़ से दूर रखो."

"कोणत्या चीजसे?" सेवकरामानं विचारलं.

"वो आप ही को ढूँढना पड़ेगा."

"सापडली," सुलोचनाबाई म्हणाल्या.

सापडली, पण ती आवरायची कशी? घरात धान, अंगणात तणसाचा ढीग, गावात प्रत्येक दारी तेच. सालेकशाला निर्मलाच्या भावाचं किराण्याचं दुकान होतं, घरात गवताची काडी नव्हती. इथं शेती होती. घरी येताच सुलोचनाबाईंनी ढीग दूरच्या वावरात हलवला आणि सुनेची खाट उचलून पडवीत टाकली. खाली तणीस नाही, वर दोन गोधड्या, आणि समोर सगळा रस्ता.

विहिरीवर दोन्ही पक्षांचं त्या दिवशी एकमत झालं.

"अगहनाच्या थंडीत बहूले उघड्या खाटेवर! बाहीर! काऊन?" पुष्पाबाईंनी यावेळी 'जी'सुद्धा गाळला.

"मले उमगलं तसं करून राहिली," सुलोचनाबाई म्हणाल्या आणि घागर उचलली.

पाणी घेऊन त्या पडवीत आल्या, तर खाटेवरून काहीच ऐकू येत नव्हतं. ना शिट्टी, ना धाप. घागर तशीच कमरेवर ठेवून त्या वाकल्या. गोधडी हलत नव्हती.

"निर्मला! निर्मला वो!"

गोधडीतून दोन डोळे बाहेर आले.

"का झालं, आत्याबाई?"

"काही नाही. झोपलीस का, पाहून राहिली होती."

"झोपली होती ना जी. चांगली झोपली होती."

सुलोचनाबाईंनी गोधडी नीट केली, घागर आत ठेवली आणि परत येऊन खाटेच्या पायाशी जमिनीवर बसल्या. रस्त्यावरून पुष्पाबाई जात होत्या. पुन्हा डोळा लागलेल्या सुनेकडे पाहत सुलोचनाबाईंनी तोंडावर बोट ठेवलं.