सोफ्याला शोभेल असा

बैठकीच्या खोलीच्या भिंतीवर आता पट्टेच पट्टे झाले होते. फिकट निळा, धुरकट हिरवा, बदामी, पिस्ता आणि एक असा गुलाबी, की ज्याच्याकडे पाहून रंगाऱ्यानेसुद्धा तोंड फिरवलं होतं. एक ना धड भाराभर चिंध्या. त्या चिंध्यांसमोर नवी सकाळपासून येरझाऱ्या घालत होती. पडदा सरकव, दिवा लाव, दिवा बंद कर, दारात जाऊन एक डोळा मिटून बघ, परत ये. पाय म्हणून एका जागी ठरत नव्हता.

तिला नवी म्हणायचे ते इमारतीतले लोक. या घरात येऊन तिला चार वर्षं झाली होती, पण ती आली नवऱ्याची पहिली बायको वारल्यानंतर. त्यामुळे नवी ती नवीच. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? तिला बोचायचं ते निराळंच. घरातली वाटी कुठल्या फळीवर पालथी घालायची हेसुद्धा ती येण्याआधीच ठरून गेलेलं होतं. म्हणून नवरा जेव्हा म्हणाला, "या वेळी रंग तू ठरव, तुला हवा तो," तेव्हा तिला केवढा आनंद झाला होता! चार भिंती का होईना, आपल्या म्हणता येतील. मग त्याने चहाचा घोट घेतला आणि पुढचं वाक्य जोडलं, "फक्त सोफ्याला शोभेल असा बघ."

तिथेच घोडं पेंड खात होतं. सोफा विटकरी मखमलीचा, हातांवर वेलबुट्टी कोरलेला, अर्धी खोली अडवून बसलेला. नाकापेक्षा मोती जड. त्याच्याशेजारी निळा आजारी दिसायचा, हिरवा भांडायला उठायचा आणि बदामी तर दिसायचाच नाही. दुकानदाराने शेड कार्डं दिली, शेजारणींनी न मागता सल्ले दिले. सोफाच काढा, असं मात्र कोणी म्हणालं नाही आणि नवीची तर ते म्हणायची छातीच नव्हती. सोफा पहिलीचा होता. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण सांगायला कशाला हवं? नवऱ्याची मुलगी, आता दहावीत गेलेली, शाळेतून आली की त्याच्याच कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसायची. नवरा दर रविवारी स्वतः त्याची मखमल ब्रशने झाडायचा. पहिलीचा विषय घरात कधी निघत नसे. त्या दोघांना दुखेल म्हणून नवी विचारत नसे, हिला लागेल म्हणून ते दोघं बोलत नसत. सगळी अळीमिळी गुपचिळी.

"वहिनी, आज ठरवाच," रंगारी म्हणाला. "परवापासून मला दुसरीकडे काम आहे. नाहीतर होता तो मोतियाच मारून देतो. मोतिया कशावरही चालतो."

परत मोतिया म्हणजे परत तेच घर. "थांबा हो जरा," ती म्हणाली आणि आपला आवाज तिला स्वतःलाच रडका वाटला.

"थांबतो की. तोवर शोकेस सरकवू. त्यामागची भिंत घासायची राहिलीय."

नवरा सुट्टी असल्याने घरीच होता, तो हात लावायला आला. मुलगी सोफ्यावर पुस्तकात डोकं घालून बसली होती. दोघा पुरुषांनी ओढलं तसं शोकेस कुरकुरत, काचा खडखडवत पुढे आलं. मागे जळमटं होती, कधीचा हरवलेला एक कंगवा होता आणि भिंतीवर पट्टे होते.

क्षणभर नवीला ते आपलेच वाटले. पण हे जुने होते, धुळीने मळलेले. निळा, हिरवा, बदामी, पुन्हा जरा गडद निळा. एकाखाली एक, ब्रशच्या रुंदीचे.

"हे कोणी केलं?"

नवऱ्याने एका पट्ट्यावरची धूळ बोटाने पुसली. "तिने," तो म्हणाला. "लग्नानंतर पहिल्यांदा रंगाचं काम काढलं तेव्हा. महिनाभर नुसते पट्टे मारत होती. सोफ्याला काही म्हणून जाईना. शेवटी वैतागून म्हणाली, मारा तो मोतिया आणि सोडवा मला. एवढा तुकडा शोकेसमागे राहून गेला."

"पण सोफा तिनेच घेतला होता ना?"

"तिने? छे! आमच्या मामांनी दिलेला, लग्नात. तो दारातून आत येईना, तेव्हा म्हणाली होती, हा सोफा आहे की रणगाडा!" आणि तो हसला. तिच्या आठवणीने हसताना नवीने त्याला आजवर पाहिलंच नव्हतं.

मुलीने पुस्तक मिटलं. "आईला हा आवडायचा नाही?"

"अजिबात नाही."

"मग आपण ठेवला कशाला?"

"तुझ्यासाठी! तू उठतेस कुठे त्याच्यावरून?"

"मी तुझ्यासाठी बसते, बाबा! तू एवढा जपतोस, मला वाटलं तुला आईची आठवण येते. मला तर ही मखमल टोचते."

रंगाऱ्याला अचानक ब्रश धुवायची आठवण झाली आणि तो मोरीकडे गेला.

नवी मटकन बसली, ती नेमकी सोफ्यावरच. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, तसं गेले कितीतरी दिवस ती भिंतींना छळत होती. तिला हसू येत होतं आणि रागही येत होता, या दोघांचा आणि त्याहून जास्त स्वतःचा. पहिली म्हणजे जिने सगळं एका दमात ठरवून टाकलं अशी बाई, हे तिने मनात धरलं होतं. आणि ती बिचारी इथेच, याच दारात, एक डोळा मिटून उभी राहिलेली. तिला पहिलीची माया वाटली.

"रणगाडा जाऊ दे," नवी म्हणाली.

"जाऊ दे," नवरा इतक्या पटकन म्हणाला, की तो विचारण्याचीच वाट बघत असावा.

रंगारी हात पुसत आला. "सुटलात, वहिनी. आता कुठलाही रंग चालेल. बोला."

कुठलाही! आता तरी जिवाला स्वस्थता यायला हवी होती, पण कसलं काय! ती उठली, पट्ट्यांपाशी गेली, परत फिरली. खोलीच्या मधोमध शोकेस तिरकं उभं होतं. इतके दिवस तिने विचारलं नसतं. आज विचारलं.

"हे शोकेस कोणाचं?"

बापलेकीने एकमेकांकडे पाहिलं.

"आईचं," मुलगी म्हणाली. "तिच्या पहिल्या पगारातून घेतलेलं. काचेला बोट लागलं तरी ओरडायची."

"आवडायचं तिला?"

"खूप."

नवीने शेड कार्ड उचललं आणि शोकेसच्या सागवानी कडेला टेकवून धरलं.

"इकडे ये गं," ती म्हणाली. "मला एकटीला नाही जमायचं. याला शोभेल असा शोधू."